खैराची खुर्ची, चामड्याच्या वाद्या

गेल्या महिन्यात वस्तीतल्या बैठकीत एका मित्रानं बॅनरसाठी चित्र काढून आणलं. मुकुट घातलेला राजा, मागं सिंहासन. खाली लिहायचं, आम्ही या देशाचे राजे होतो. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला रात्रपाळी गाठायची होती, म्हणून गप्प उठलो. तो राहिलेला वाद इथं घालतो.

दोस्तांनो, आपण राजे होतो का नव्हतो ते घडीभर बाजूला ठेवा. मला वेगळंच विचारायचंय. माणसाचा राजा करतात तरी कसा? ज्यांनी राजे केले त्यांनीच ते लिहून ठेवलंय. शतपथ ब्राह्मण, कांड पाचवं, राजसूय यज्ञ. मी अनुवाद वाचला. गिरणीत नवा साचा बसवताना नटबोल्ट मोजत्यात ना, तसा एकेक विधी मोजत वाचला.

अभिषेकाआधी राजाला एकेका रत्नीच्या दारी जाऊन आहुती द्यावी लागते. सेनापती, पुरोहित, पट्टराणी, सूत, ग्रामणी, फाशांचा अधिकारी, निरोप्या. मैत्रायणी संहितेच्या यादीत तर सुतार आणि रथकारसुद्धा आहेत. म्हणजे ज्याच्या हाताला रंध्याचे घट्टे, त्याच्या दारात गेल्याशिवाय राजा होता येत नव्हतं. शूद्रांना राज्याभिषेकात मान होता हे दाखवताना बाबासाहेबांनी १९४६ च्या 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात ह्याच रत्नींचा हवाला दिलाय.

पण पोथी तिथं मिटू नका. घरं फिरून झाली की राजाला आणखी आहुत्या द्यायला लावतात. का? तर शूद्रांना आणि असल्याच अपात्रांना त्यानं यज्ञाशी जोडलं, म्हणून तो अंधारात शिरला. आता त्याला बाहेर काढायचा. मतं मागायला आलेला पुढारी वस्तीत कपभर चहा पितो आणि गाडीत बसल्यावर हात पुसतो, त्याची ही पहिली आवृत्ती.

ह्या रत्नींत एकाचं नाव भागदुघ. 'दुघ' म्हणजे धार काढणारा. राजाचा वाटा वसूल करणाऱ्याला पोथीच असं नाव देते. रयत ही गाय, हे नावातच आलं. मग लोकांसमोर पुकारा होतो की हा तुमचा राजा. आम्हा ब्राह्मणांचा राजा मात्र सोम. पोथी लगेच कारणही सांगते. बाकी सगळे राजाचं अन्न, ब्राह्मण तेवढा नाही. गायीच्या गोठ्यातून एकजण असा अलगद बाहेर पडला.

आता सिंहासन. सोनं, हिरे, सिंहाची तोंडं ह्यातलं तिथं काही नाही. ती आसंदी आहे, खैराच्या लाकडाची, भोकं पाडलेली, चामड्याच्या वाद्यांनी विणलेली. भरतांची असायची तशी. तिच्यावर वस्त्र अंथरतात, मग राजा बसतो. वस्त्र पडलं की वाद्या दिसत नाहीत. बसल्यावर अध्वर्यू आणि त्याचे साथीदार राजाच्या पाठीवर काठ्या मारतात, काही न बोलता. चार काठ्या खाल्ल्या की राजा कायमचा दंडाच्या पलीकडे गेला, पुढं त्याला शिक्षाच नाही. आपल्या पाठीवरच्या काठ्यांनी आपल्याला असली सूट कधी मिळाली नाही.

ह्याच प्रश्नाचं दुसरं उत्तर दीघनिकायात आहे, अग्गञ्ञ सुत्तात. श्रावस्तीच्या पूर्वारामात वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण भिक्खूंमध्ये राहायला आलेत, जातभाई त्यांना शिव्या घालतायत. बुद्ध त्यांना सांगतात की लोकांनी भाताची शेतं वाटून घेतली, मग चोरी आली, खोटं आलं, मारामारी आली. तेव्हा लोक जमले. आपल्यातल्याच एकाला म्हणाले, चुकलेल्याला तू दटाव, हाकल. आम्ही तुला आमच्या भातातला वाटा देऊ. सगळ्यांनी संमत केला म्हणून तो महासंमत. बुद्ध बजावून सांगतात, तो ह्याच लोकांतला होता, वेगळा कोणी नव्हता. मनूच्या सातव्या अध्यायात राजा आठ देवांच्या अंशातून घडतो. इथं तो कामाला ठेवलाय आणि पगार भातात ठरलाय. आता भागदुघ आठवा. वाटा तोच, पण एकीकडं तो ठरवून दिलेला, दुसरीकडं पिळून काढलेला.

म्हणून मला तो मुकुट खुपतो. मुकुट काढला की राजा आला, राजा आला की पुकारा आला, आणि त्या पुकाऱ्यात आपण अन्नाच्या बाजूला.

माझा पणजा गावची मेलेली ढोरं ओढायचा. १९५६ ला धम्म घेतला आणि ते काम सोडलं, म्हणून गावानं त्याचं पाणी तोडलं. शतपथात आसंदीचं लाकूड कोणतं ते लिहिलंय, वीण कसली ते लिहिलंय. वाद्यांचं चामडं कोणी कमावलं ते नाही लिहिलं.

रविवारी बैठक आहे. त्या मित्राला म्हणणार आहे, हात तुझा चांगलाय, खुर्चीच काढ. वस्त्र न टाकता.