फटफटीची पुंगळी

मागच्या दिवाळीत चार दिवस घरी गेलो होतो. घरी म्हणजे मुलचेऱ्याला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: चंद्रपूरहून गोंडपिपरी, तिथून आष्टी, वैनगंगेचा पूल ओलांडला की पुढे जंगलातून रस्ता. पुण्यातल्या ऑफिसात हे सांगितलं की लोक आधी वाघाबद्दल विचारतात, मग नक्षलवाद्यांबद्दल. मोटारसायकलबद्दल आजवर कुणीच विचारलेलं नाही, म्हणून हा लेख :)

तर रात्रीचे साडेदहा वाजले असतील. आम्ही अंगणात बसलो होतो. चपराळ्याच्या अभयारण्याच्या बाजूने येणारी थंडी, लांब कुठेतरी कुत्री भुंकताहेत, बाकी सगळं चिडीचूप. आणि मग आली. आधी छातीत जाणवली, मग कानात. पुंगळी काढलेली बुलेट. वळणावर त्या पोराने चावी बंद करून पुन्हा चालू केली आणि फाट्‌कन बार निघाला. शेजारचं तान्हं बाळ दचकून रडायला लागलं.

आई म्हणाली, "तू पण असाच यायचास."

खरं आहे ते. २००६ साली पहिल्या बोनसच्या पैशांतून मी सेकंडहँड बुलेट घेतली, तिला गोल्डस्टार सायलेन्सर लावला आणि इथे गावात येऊन मिरवली. आईचं वाक्य मला लागलं आणि वीकेंडचा विषय मिळाला: माणसाने सायलेन्सर शोधला कशाला, आणि शोधल्यावर लगेच काढायला का लागला?

सुरुवात शब्दापासून करू. मोटारसायकलला आपल्याकडे आधीपासून फटफटी म्हणतात. काही ठिकाणी भटभटी. गाडीचं नाव चाकांवरून पडलं नाही, वेगावरून नाही, आवाजावरून पडलं. दिल्लीत दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेल्या हार्ले डेव्हिडसन गाड्यांना मागे बाकडी जोडून ज्या सवारी रिक्षा चालायच्या (त्या १९९८ मध्ये बंद झाल्या), त्यांचंही नाव फटफटीच. आणि आमच्या तालुक्याची गंमत अशी की इथे १९६० च्या दशकापासून पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना वसवलं गेलं. तेव्हा हा भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता, गडचिरोली वेगळा जिल्हा झाला १९८२ मध्ये. बंगालीत इंजिन बसवलेल्या नावेला भोटभोटी म्हणतात. म्हणजे पद्मेच्या पाण्यावरून आलेला माणूस आणि इथला मराठी माणूस, दोघांनीही एका सिलिंडरचं इंजिन ऐकलं आणि जवळजवळ तेच नाव ठेवलं. सायलेन्सर असतानाही हं!

आता थोडा इतिहास. इंजिनाच्या आवाजाला आवर घालायची एक जुनी नोंद अमेरिकेतली आहे. इंडियाना राज्यातल्या मिल्टन रीव्हज आणि त्याच्या भावाला १८९७ मध्ये मफलरचं पेटंट मिळालं. कारण साधं होतं: रस्त्यावर घोडे होते आणि घोडे बिथरायचे. पण सायलेन्सर लावला की वायू बाहेर पडायला अडथळा होतो आणि त्या काळच्या अशक्त इंजिनाचा दम अजून कमी होतो. म्हणून बऱ्याच जुन्या मोटारींना 'कट-आउट' नावाची झडप असायची. गावातून जाताना बंद, गावाबाहेर चढ लागला की पायाने दाबून उघडी. म्हणजे पुंगळी काढायची सोय तेव्हा कंपनीच देत होती!

दुसरं नाव हायरम पर्सी मॅक्सिम. याने १९०९ मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं आणि तीच कल्पना इंजिनांनाही लावली. याचे वडील हायरम मॅक्सिम म्हणजे १८८४ च्या मॅक्सिम मशीनगनचे जनक. आयुष्यभर स्वतःच्या बंदुकीच्या आवाजाशेजारी उभं राहून ते जवळजवळ बहिरे झाले होते. बापाने आवाज केला, पोराने झाकण शोधलं. हा बाप लक्षात ठेवा, पुढे तो मुलचेऱ्यात परत भेटणार आहे.

तिसरं ठिकाण इंग्लंडमधलं ब्रुकलँड्स. १९०७ मध्ये सुरू झालेला हा शर्यतींचा ट्रॅक. आजूबाजूच्या रहिवाशांनी आवाजाबद्दल कोर्टकचेऱ्या केल्या आणि १९२० च्या दशकात तिथे सायलेन्सर सक्तीचा झाला. डब्यासारख्या दिसणाऱ्या त्या सायलेन्सरला 'ब्रुकलँड्स कॅन' असंच नाव पडलं. याच ट्रॅकवर शर्यतीत ताशी शंभर मैलांच्या वर फेरी मारणाऱ्याला एक छोटा सोन्याचा तारा मिळायचा, गोल्ड स्टार. ३० जून १९३७ रोजी वॉल हँडली नावाच्या स्वाराने बीएसए कंपनीच्या ५०० सीसी गाडीवर ताशी १०७ मैलांहून जास्त वेगाने फेरी मारली आणि तो तारा मिळवला. बीएसएने लगेच १९३८ मध्ये नव्या मॉडेलचं नावच गोल्ड स्टार ठेवलं. ही गाडी १९६३ पर्यंत निघत होती आणि तिच्या निमुळत्या सायलेन्सरचा आवाज शौकिनांत प्रसिद्ध झाला.

आता लिंक लागली का? मी २००६ मध्ये ज्याच्यासाठी बोनस उडवला, तो बुलेटचा 'गोल्डस्टार' सायलेन्सर म्हणजे त्या नावाची इथवर पोचलेली सावली. ज्या मैदानावर शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे सायलेन्सर सक्तीचा झाला, त्याच मैदानावरचं बक्षीस आपल्याकडे शेजाऱ्यांची झोप उडवायच्या सायलेन्सरचं नाव झालं. हा मला या सगळ्या शोधाशोधीतला सर्वात मोठा विनोद वाटला.

बुलेट आपल्याकडे आली ती सैन्य आणि पोलिसांसाठी. १९५५ मध्ये मद्रासला एन्फील्ड इंडिया सुरू झाली. आधी इंग्लंडहून सुटे भाग आणून जोडणी, मग हळूहळू सगळं इथेच. तिकडे रेडिचचा मूळ कारखाना १९६७ मध्ये बंद पडला, इकडे इंजिन तेच राहिलं. ३४६ सीसी, ७० मिलिमीटरचा बोअर, ९० चा स्ट्रोक. लांब स्ट्रोक, जड फ्लायव्हील, संथ चाल.

आवाज 'गंभीर' का येतो त्याचं गणित इथेच आहे. (इंजिनियर असल्याने राहवत नाही, दोन मिनिटं सहन करा.) चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक स्फोट होतो. मिनिटाला ९०० फेऱ्या असतील तर ४५० स्फोट, म्हणजे सेकंदाला साडेसात. माणसाच्या कानाला साधारण सेकंदाला वीस कंपनांच्या खाली सलग सूर ऐकू येत नाही, सुटे सुटे ठोके ऐकू येतात. म्हणून उभी बुलेट 'डुग डुग' करते. याउलट यामाहा आरएक्स १०० घ्या. दोन स्ट्रोक, म्हणजे प्रत्येक फेरीला स्फोट. मिनिटाला ६००० फेऱ्या झाल्या की सेकंदाला शंभर. तिचा तो टिपेचा आवाज हा असा. म्हणजे गंभीर आवाज मुळात इंजिनात असतो, सायलेन्सर फक्त त्यातलं काय ठेवायचं आणि काय गाळायचं ते ठरवतो.

गाळायच्या पद्धती दोन. एक म्हणजे आत कप्पे आणि भोकं पाडलेल्या नळ्या, ज्यात आवाजाच्या लाटा एकमेकींवर आपटून मरतात. दुसरी म्हणजे भोकांच्या नळीभोवती काचेची लोकर, ग्लासवूल. ही लोकर बारीक, तीक्ष्ण आवाज जास्त खाते आणि जाड आवाज सोडते. म्हणून नीट भरलेल्या ग्लासवूलच्या सायलेन्सरचा आवाज खोल वाटतो. खोल आणि मोठा यांत फरक आहे, आणि नेमका तोच आपल्या पोरांना (आणि २००६ सालच्या मला) कळत नाही. लोकर जळून गेली किंवा मुळात घातलीच नाही की उरतो नुसता गोंगाट.

पण मुलचेऱ्यासारख्या ठिकाणी पुंगळी काढण्याची सुरुवात बुलेटपासून झालीच नाही. माझ्या लहानपणी इथे बुलेट म्हणजे पोलीस, नाहीतर बडा कंत्राटदार. सामान्यांची गाडी राजदूत. एस्कॉर्ट्सने १९६२ च्या सुमाराला पोलंडच्या एका मॉडेलवरून काढलेली, दोन स्ट्रोकची, १७५ सीसी. आमच्या बाबांची राजदूतच होती. मग जावा-येझदी, आणि १९८५ नंतर आरएक्स १००. या सगळ्या गाड्यांत पेट्रोलबरोबर ऑइल जळायचं, त्याची काजळी सायलेन्सरच्या शेवटच्या नळीत, म्हणजे पुंगळीत, साचायची. गाडी ओढेनाशी व्हायची. म्हणून पुंगळी काढता येईल अशीच बनवलेली असे. एक स्क्रू सोडला की बाहेर. मिस्त्री ती विस्तवात भाजायचा किंवा कॉस्टिक सोड्यात बुडवायचा, झटकायचा आणि परत बसवायचा.

म्हणजे पुंगळी काढणं हा आधी मेंटेनन्सचा भाग होता! पुंगळी भाजत असताना तेवढ्या वेळात कुणीतरी गाडी चालू करून पाहिली असणार, आवाज ऐकून खूश झाला असणार, आणि पुंगळी मिस्त्रीकडेच 'विसरून' गेला असणार. हा माझा अंदाज आहे, पण आमच्या गावापुरता तरी मिस्त्रीकाकांनी दुजोरा दिला. त्यांच्या टपरीत म्हणे एकेकाळी डालडाचा डबा भरून बेवारशी पुंगळ्या पडल्या होत्या.

यातला मूर्खपणा असा की दोन स्ट्रोकमध्ये सायलेन्सर हा इंजिनाचाच भाग असतो. १९५० च्या दशकात पूर्व जर्मनीत एमझेड कंपनीच्या वॉल्टर काडेनने हे शास्त्र पक्कं केलं. नळीचा फुगवटा आणि निमुळतेपणा बरोबर असेल तर परत फिरलेली दाबाची लाट बाहेर निसटणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. १९६१ मध्ये त्याचा स्वार अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळून गेला आणि ही विद्या सुझुकीला मिळाली. इतकी मौल्यवान नळी, आणि आपण ती ढिली करून 'पिकअप वाढला' म्हणायचो. वाढायचा तो आवाज. बहुतेक वेळा ओढ उलट कमीच व्हायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिस्त्रीकाकांकडे गेलो. ते बंगाली वस्तीतले. लहानपणी मी त्यांच्या टपरीसमोर तासन्‌तास उभा असायचो, माझा गोल्डस्टारही त्यांनीच बसवला होता. "काका, कसे आहात?" म्हटलं. त्यांनी वर पाहिलंच नाही. दुसऱ्यांदा मोठ्याने म्हटलं. मग नातवाने त्यांच्या खांद्याला हात लावला.

ते आता इंजिनाचा बिघाड कानाने नाही, हाताने ओळखतात. स्क्रू-ड्रायव्हर इंजिनावर टेकवतात आणि त्याच्या मुठीवर तळहात ठेवतात. मला म्हणाले, "बुलेटचा आवाज येतो रे बाबा, अजून येतो. नातवाचं बोलणं समजत नाही."

घरी येऊन वाचलं तर ते शब्दशः खरं निघालं. मोठ्या आवाजाने कान जातात ते आधी वरच्या पट्टीत, सेकंदाला चार हजार कंपनांच्या आसपास. बुलेटचा ठोका खालच्या पट्टीत, तो ऐकू येत राहतो. स, श, त, क ही अक्षरं आणि लहान मुलांचे बारीक आवाज वरच्या पट्टीत, ते आधी जातात. ज्या सायलेन्सरांनी तीक्ष्ण आवाज गाळून जाड आवाज ठेवायचा होता, ते काम शेवटी काकांच्या कानांनी केलं. तीसेक वर्षं उघड्या पाइपाजवळ बसून रेस देऊन 'बघ, आवाज बरोबर आहे का' असं ते गिऱ्हाइकाला विचारत आले. त्या गिऱ्हाइकांत मीही होतो. मी तेव्हा म्हणालो होतो, "काका, अजून थोडा मोठा करा ना."

कायदा काय म्हणतो तेही सांगून टाकतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १२०: प्रत्येक गाडीला आवाज कमी करणारा सायलेन्सर हवाच. २००५ पासून नव्या दुचाकीच्या चाचणीत १७५ सीसीच्या वर ८० डेसिबल, ८० ते १७५ सीसीपर्यंत ७७, त्याखाली ७५. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० च्या दुसऱ्या पोटकलमात २०१९ च्या दुरुस्तीनंतर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, शिवाय तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. रहिवासी भागात रात्री मर्यादा ४५ डेसिबल. डेसिबलचं गणित साधं नाही, दहा डेसिबल वाढले की ऊर्जा दसपट होते. शहरांत पोलीस जप्त सायलेन्सरांची रांग लावून त्यावरून रोड रोलर फिरवतात, तुम्ही पेपरात फोटो पाहिला असेल. पण हे सगळं गाडीच्या मागे राहणाऱ्यांसाठी. पाइपाशेजारी बसून तो बसवणाऱ्या माणसाच्या कानांचं काय, याबद्दल टपरीवर कोण विचारतो?

आवाजाची हौस वाईट असं मला अजूनही म्हणवत नाही. बाबांची राजदूत वळणावर आली की आई चहाचं आधण ठेवायची. जंगलातल्या गावात रात्री इंजिनाचा आवाज म्हणजे बातमी असते: कोण आलं, कोण आजारी पडलं, कुणाला दवाखान्यात नेताहेत. पण ती राजदूत ओळखू यायची ती मोठी होती म्हणून नाही. गाव शांत होतं म्हणून. आता सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक आष्टी-आलापल्ली रस्त्यावर धावतात, त्यात कुणाची फटफटी ओळखू येणार?

असो. निघायच्या आदल्या दिवशी काकांनी माळ्यावरून माझा २००६ सालचा मूळ सायलेन्सर काढून दिला. गंजलाय, पण आतले कप्पे शाबूत आहेत. मी त्यांना इयरमफ आणून देतो म्हटलं. त्यांना ऐकू आलं नाही. मग नातवाला सांगितलं. टपरीत आता तोच बसतो, त्यालाच जास्त गरज आहे.