मज्जारज्जूचे चित्रण आणि कॉन्ट्रास्ट द्रव्यांची हानी : एक ऐतिहासिक आढावा

क्ष-किरणांच्या चित्रात हाड उमटते, मज्जारज्जू उमटत नाही. कण्यातील गाठ नेमकी कोठे आहे, हे शस्त्रक्रियेपूर्वी ठरवावयाचे तर कण्याच्या पोकळीत बाहेरून काहीतरी सोडणे भाग होते. १९१९ मध्ये अमेरिकन शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी हवेचा मार्ग सुचविला. परंतु हवेची छाया पुसट पडे. पुढील साठ-सत्तर वर्षांत या पोकळीत जी द्रव्ये सोडली गेली, त्यांचा मज्जातंतूंवर काय परिणाम झाला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पॅरिसमध्ये सिकार आणि फॉरेस्टिए यांनी १९२१-२२ च्या सुमारास लिपिओडॉल वापरले. हे खसखशीच्या तेलाशी आयोडीनचा संयोग करून बनविलेले द्रव्य होय. चित्र उत्तम मिळे, पण दाट तेल आतच राही. १९४४ मध्ये अमेरिकेत पँटोपेक आले. ते तुलनेने पातळ होते आणि तपासणीनंतर सुईने पुष्कळसे परत काढता येई. मात्र सर्व निघत नसे. उरलेले थेंब वर्षानुवर्षे शोषले जात नसत. काही रुग्णांत मज्जारज्जूभोवतीच्या नाजूक आवरणाला सूज येऊन मज्जातंतूंची मुळे एकमेकांना चिकटत. सुई टोचताना रक्त मिसळल्यास हा दाह अधिक तीव्र होई. चित्र काही मिनिटांत हाती येई. पाय जळणे, बधिरपणा, लघवीवरील ताबा सुटणे ही लक्षणे मात्र कित्येकदा वर्षांनंतर दिसत. तोवर रुग्ण दुसऱ्याच डॉक्टरकडे गेलेला असे आणि मूळचा कंबरेचा विकारच बळावला, असा समज होणे स्वाभाविक होते. तेलाचा वापर चार दशके टिकला, त्याचे एक कारण हेच असावे.

पाण्यात विरघळणारी द्रव्ये का वापरली नाहीत, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. रक्तवाहिन्यांसाठी ती होतीच. परंतु ती आयनयुक्त क्षार होती आणि त्यांचा परासरण दाब रक्ताच्या पाच पटींहून अधिक होता. ती चुकून कण्याच्या पोकळीत गेल्यास पायांपासून सुरू होणारे झटके वर चढत जात आणि रुग्ण दगावू शके. स्वीडनचे टॉर्स्टन आल्मेन यांनी १९६९ मध्ये आयन न होणाऱ्या रेणूची कल्पना मांडली. कमी खारट समुद्रापेक्षा अधिक खारट समुद्रात डोळे जास्त चुरचुरतात, या अनुभवातून त्यांना ती सुचल्याचे सांगितले जाते.

नॉर्वेतील नायगार्ड कंपनीने १९७० च्या दशकात या कल्पनेवरून मेट्रिझामाइड तयार केले. ते शरीरात शोषले जाई, त्यामुळे चिकटण्याचा धोका पुष्कळ घटला. पण ते मेंदूपर्यंत चढले की डोकेदुखी, उलट्या, भ्रम, वाचा अडखळणे आणि क्वचित झटके, असा नवाच त्रास उद्भवे. म्हणून तपासणीनंतर रुग्णाचे डोके उंच ठेवीत. हा त्रास निदान तासा-दिवसांत दिसे, त्यामुळे त्याचा संबंध द्रव्याशी जोडणे सोपे गेले. १९८० च्या दशकात आयोहेक्सॉल व आयोपॅमिडॉल यांनी मेट्रिझामाइडची जागा घेतली.

त्याच दशकात एमआरआय आल्याने ही तपासणीच विरळ झाली. पँटोपेकचे वितरण थांबले, तरी त्याचे थेंब मागे राहिले. जुन्या रुग्णांच्या एमआरआयमध्ये ते पांढरे ठिपके म्हणून चमकतात आणि पूर्वीची तपासणी ठाऊक नसल्यास चरबीची गाठ किंवा रक्तस्राव असल्याचा भास होतो.