पहिल्या क्षणाची साक्ष

पानिपत शहरापासून सुमारे ८ किलोमीटरांवर काला अंब नावाचे स्थळ आहे. रक्ताने काळवंडलेल्या आंब्याच्या झाडाची आख्यायिका त्या नावामागे असून, आज तेथे स्मारकस्तंभ उभा आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी दुपारपर्यंत मराठ्यांची सरशी होती. पुढे विश्वासराव पडले, सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, आणि रिकामी अंबारी पाहून भाऊही पडले अशा समजुतीने फौजेचा धीर सुटला, असे परंपरा सांगते. दृश्य खरे होते; त्याचा अर्थ मात्र चुकला. ऐन धक्क्याच्या क्षणी चुकीची साक्ष केवढा अनर्थ घडविते, याचे हे उदाहरण होय.

याच पानिपताच्या परिसरात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विजेचे मोठे ठाणे वसले. हिमाचल प्रदेशातील देहरची जलविद्युत ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीने येथे आली. १९७९ मध्ये औष्णिक केंद्राचा पहिला संच सुरू झाला. एवढ्या दाबाच्या तारेला मोजणारे यंत्र प्रत्यक्ष जोडता येत नाही. त्यासाठी प्रवाह-रोहित्र हा मध्यस्थ लागतो. हजार अँपिअरच्या प्रवाहाची तो एका अँपिअरची प्रतिकृती करतो. ती पाहून रिले निर्णय देतो आणि सर्किट ब्रेकर वाहिनी तोडतो. रिलेला तार दिसत नाही, केवळ या मध्यस्थाची साक्ष दिसते.

शांत काळी ही साक्ष चोख असते. कसोटी लागते ती मोठे रोहित्र चालू करताना किंवा तारांत दोष उद्भवताना. अशा वेळी आंदोलणाऱ्या प्रवाहात एकाच दिशेचा, हळूहळू ओसरणारा अंश मिसळतो. तो मध्यस्थाच्या पोलादी गाभ्यात चुंबकत्व एका बाजूस साठवीत जातो. गाभा संपृक्त झाला की प्रतिकृती कोसळते. तारेतून महापूर लोटत असता रिलेला ओहोळ दिसतो. शिवाय पोलाद सहजी विसरत नाही. वाहिनी तोडल्यावरही गाभ्यात चुंबकत्व उरते, आणि ती लगेच पुन्हा जोडली तर दुसऱ्या धक्क्याला तो लवकर शरण जातो.

चालू करताना रोहित्रात उसळणाऱ्या प्रवाहाची नोंद जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंग यांनी १८९२ मध्ये केली. ही उसळ दोषासारखी भासे आणि निर्दोष रोहित्रे उगाच तोडली जात. उसळीत मूळ वारंवारतेच्या पटींचे अंश मोठे असतात; ती खूण ओळखणारा रिले केनेडी आणि हेवर्ड यांनी १९३८ मध्ये मांडला. परंतु गाभा संपृक्त झाला तर खऱ्या दोषाच्या प्रतिकृतीतही तसेच अंश शिरतात, आणि रिले थबकतो. म्हणून गाभे मोठे केले गेले. काहींत बारीक फट ठेवून उरणारे चुंबकत्व दहा टक्क्यांच्या आत आणले गेले. गाभा भरण्यापूर्वीच निर्णय घेणारे रिलेही घडविले गेले.

तरीही साक्ष आणि अर्थ यांतील अंतर उरतेच. ३० जुलै २०१२ च्या पहाटे बीना–ग्वाल्हेर वाहिनीवरील रिलेने अतिभारालाच दोष मानले. वाहिनी तुटली आणि उत्तर भारताची वीजजाळी ढासळली. तेथे मध्यस्थ खोटे बोलला नव्हता. ऐकणाऱ्याने चुकीचा अर्थ लावला. रक्षण करणाऱ्या यंत्रणेत साक्षीदार सच्चा हवा आणि न्यायाधीशही जाणता हवा. दोहोंपैकी एक चुकला तरी अंधार पसरतो.