कंपनीचं नाणं
माझे मामा १९७०च्या दशकात वेस्ट व्हर्जिनियातल्या लोगन काउंटीत डॉक्टर म्हणून गेले. त्या डोंगरांत तिथले डॉक्टर टिकत नसत, म्हणून भारत आणि फिलिपिन्सहून आलेल्यांना अशा नोकऱ्या मिळत. अमेरिकेतला गोरा म्हणजे खाऊनपिऊन सुखी, ही मामांची समजूत दवाखान्यातच गळून पडली.

खाणकामगार आला की मामा आधी त्याचे हात बघत. जखमेत कोळशाची पूड राहून कातडीखाली निळे वळ उमटलेले असत. आडवं झालं की दम कोंडतो म्हणून कित्येक जण रात्र खुर्चीतच काढत. १९६९ साली वेस्ट व्हर्जिनियातल्या सुमारे ४० हजार खाणकामगारांनी संप केला, तेव्हा कुठे फुप्फुसाच्या या 'ब्लॅक लंग' रोगाच्या भरपाईचे कायदे झाले.

रोग्यांतला एक म्हातारा मामांना आपल्या बापाच्या गोष्टी सांगे. घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, डॉक्टरसुद्धा कंपनीचा. मजुरी कंपनीच्या नाण्यांत मिळायची, आणि ती नाणी चालायची कंपनीच्याच दुकानात. युनियनचं नाव काढलं की बायकापोरांसकट घराबाहेर. १९२१च्या ऑगस्टअखेर असे १० हजारांच्या आसपास कामगार, गोरे, काळे, इटालियन, गळ्यात लाल रुमाल बांधून ब्लेअर माउंटनवर चालून गेले. त्यांच्यावर विमानांतून बॉम्ब टाकले गेले. शेवटी लष्कर आलं आणि लढा मोडला. आपणही त्या डोंगरावर होतो, हे बापाने मुलाला मरणाच्या दारात असताना सांगितलं. इतकी वर्षं ती धास्ती जिवंत होती!

शहरी अमेरिका मात्र गरीब गोऱ्यांना आळशी आणि अडाणीच म्हणत आली. शेजारच्या व्हर्जिनियाने १९२४ साली सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला आणि १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने कॅरी बक या गरीब गोऱ्या मुलीची नसबंदी वैध ठरवली. आपल्या लोकांच्या बैठकींतही या डोंगराळ माणसांवरचे विनोद चालत. मामांना ते खपत नसे. "ज्यांच्या कोळशावर या देशाचं पोलाद झालं, त्यांना आळशी म्हणता?" असं ते सरळ तोंडावर विचारत.

मामांच्या कित्येक रोग्यांना पाऊस लागला की झोप येत नसे. २६ फेब्रुवारी १९७२ला बफेलो क्रीकच्या माथ्यावरचा, खाणीचा गाळ अडवणारा बांध फुटला होता. १२५ माणसं गेली, सुमारे ४ हजार बेघर झाली. कंपनीने त्याला देवाची करणी म्हटलं. तो बांध कंपनीनेच बांधला होता. त्यासाठी कुणालाही तुरुंगवास झाला नाही.