फेसाळ पेशींची कुळकथा

आष्ट्याच्या शिवारात उसाला ठिबक केलेल्या शेतकऱ्याला नळीत क्षार साठतात हे सांगावं लागत नाही. त्यामुळे मिरजेहून अँजिओग्राफी करून आलेला माणूस ‘दोन ब्लॉकेज निघाले’ म्हणाला, की ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तशीच चोंदलेली नळी उभी राहते. पण धमनी म्हणजे जिवंत पेशींची भिंत, आणि रोग वाढतो तो त्या भिंतीच्या आत. विज्ञानाला हे पटायला दीडशेहून अधिक वर्षं लागली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला व्हिएन्नाचे रोकिटान्स्की सांगत होते, की रक्तातलं द्रव्य भिंतीवर आतून बसतं आणि थर वाढत जातो. जर्मनीच्या रुडॉल्फ फिरखो यांनी १८५६ मध्ये याला हरकत घेतली. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना विकार थेट भिंतीच्या आत दिसला होता. ही सूज, म्हणजे दाह आहे, पेशींची प्रतिक्रिया आहे, असं ते म्हणाले. पुरावा अपुरा होता. वाद तिथंच राहिला.

१९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या निकोलाय अनिच्कोव्ह आणि सेमियोन खलातोव्ह या तरुणांनी सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेलं कोलेस्टेरॉल खाऊ घातलं. दुसऱ्या गटाला नुसतं तेल. पहिल्या गटाच्याच धमन्या बिघडल्या. भिंतीत चरबीच्या थेंबांनी टम्म फुगलेल्या पेशी सापडल्या. याच पुढे ‘फेसाळ पेशी’ म्हणून ओळखल्या गेल्या. मात्र उंदीर-कुत्र्यांत तसं होईना. ससा तर गवत खाणारा. त्याच्यावरून माणसाचं काय सांगणार, असं म्हणून अनेकांनी हा शोध बाजूला ठेवला.

कोलेस्टेरॉलचा धागा पुन्हा हाती आला तो अमेरिकेतल्या डॅलसमध्ये. काही कुटुंबांतल्या मुलांना लहानपणीच हृदयविकाराचा झटका येई. मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी अशा रुग्णांच्या त्वचेच्या पेशी वाढवून १९७०च्या दशकात दाखवून दिलं, की रक्तातलं एलडीएल, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारा कण, आत ओढून घेणारा ग्राहकच (रिसेप्टर) त्यांच्यात नाही किंवा निकामी आहे. १९८५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. कोडं मात्र उरलंच : ग्राहक नसलेल्या रुग्णांतही भिंतीतल्या भक्षक पेशी चरबीनं भरून फेसाळ होतात कशा? उत्तर १९७९ पासून उलगडू लागलं. साधं एलडीएल या पेशी फारसं घेत नाहीत. रासायनिक बदल झालेलं मात्र बेसुमार गिळतात. भिंतीत अडकलेल्या एलडीएलचं ऑक्सिडीकरण होऊन असा बदल घडतो, ही मांडणी डॅनियल स्टाइनबर्ग यांनी पुढे नेली. म्हणजे साफसफाईला आलेली पेशीच रोगाचा भाग बनते.

याच काळात सिॲटलचे रसेल रॉस भिंतीच्या अस्तराकडे पाहत होते. अस्तर खरवडलं जाऊन रोग सुरू होतो, असं त्यांना आधी वाटलं. पुढे दिसलं, की अस्तर जागेवरच असतं, वागणं बदलतं : तंबाखूचा धूर, वाढलेला रक्तदाब, रक्तातली वाढलेली साखर यांनी ते बिथरतं आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींना आत घेतं. धमनीच्या भिंतीतला हा रोग, म्हणजे धमनीकाठिण्य, दाहाचा आजार आहे, असं त्यांनी १९९९ मध्ये ठामपणे लिहिलं.

कसोटी लागली २०१७ मध्ये. पॉल रिडकर यांच्या चमूनं झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांवर दाह कमी करणारं औषध तपासलं. कोलेस्टेरॉल घटलं नाही, तरी १५० मिलिग्रॅमच्या मात्रेनं झटके, पक्षाघात आणि हृदयविकारानं होणारे मृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाले. जीवघेणे जंतुसंसर्ग मात्र वाढले, आणि ते औषध यासाठी नेहमीच्या वापरात आलं नाही. पण फिरखो यांचं म्हणणं १६१ वर्षांनी माणसांवर सिद्ध झालं.

यातून घ्यायचं ते इतकंच. स्टेंट, म्हणजे धमनीत बसवलेली जाळीची नळी, एका जागेची वाट मोकळी करतो. भिंतीतला आजार इतरत्रही असतो आणि फारशा अरुंद न झालेल्या जागीही फुटून गुठळी करू शकतो. म्हणून ‘स्टेंट बसला, आता काही नाही’ म्हणत डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करू नका, आणि तंबाखू-बिडी आजच सोडा.