दुष्काळाची भाकरी : दान की हक्क?

माहूरच्या गडावर आपण रेणुकामातेपुढे पदर पसरतो, त्यात कमीपणा वाटत नाही. पण सरकारच्या दारी पोटासाठी हात पसरावा लागला की माणूस आतून खचतो. त्या पसरलेल्या हाताला हक्क कसा मिळाला, ही हकीकत आज सांगावयाची आहे.

१८७६-७७ साली मुंबई इलाख्यात भीषण दुष्काळ पडला. सरकारने खडी फोडण्याची, रस्त्यांची कामे काढली. पुढे सर रिचर्ड टेंपल यांच्या सल्ल्याने मजुरी उतरविण्यात आली : दिवसाकाठी एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे. तेव्हा त्या उपाशी मजुरांनी कामावर जाण्याचेच नाकारले. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या पाठीशी उभी राहिली. आम्ही चळवळीतील माणसे संपाचा इतिहास गिरण्यांपासून मोजतो. मला वाटते, तो या खडीच्या ढिगापासून मोजावा.

१८८० च्या दुष्काळ आयोगानंतर नियम झाले खरे, पण दुष्काळ पडला की नाही हे सरकारनेच ठरवायचे. सरकारने तो मानला तर काम, नाही तर उपास!

१९७२ चा दुष्काळ पुष्कळांना आठवत असेल. मी तेव्हा तान्हा होतो. आई मला झोळीत ठेवून खडी फोडीत असे. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात अशा कामांवर ५० लाखांच्या घरात माणसे होती. पैनगंगेपलीकडील पुसदचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली होती. तासगाव तालुक्यात तिचा प्रयोगही झाला होता. मजुरांच्या मोर्चांनी तिला रेटा दिला. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. मागेल त्याला काम. पंधरा दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्ता. दुष्काळ जाहीर होण्याची अट उरली नाही. २००५ साली हेच तत्त्व साऱ्या देशाने स्वीकारले.

हा पैसा कोठून आला? १९७५ पासून शहरातील नोकरदार, व्यापारी, वकील यांच्याकडून व्यवसाय कर घेण्यात आला आणि तेवढीच भर शासनाने घालावयाची ठरली. म्हणजे गावच्या पाझर तलावावर शहरातील कारकुनाचाही वाटा आहे. हे दान नव्हे. एका कष्टकऱ्याने दुसऱ्याशी केलेला करार आहे.

आता आभाळाचा भरवसा आणखी कमी झाला आहे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. २०२५ च्या सप्टेंबरात याच मराठवाड्यात पुराने उभी पिके नेली. दुष्काळात निदान माती खोदता येते. पाण्याखालच्या रानात मजुराने काय खोदावे? काम काढणेच जेव्हा अशक्य, तेव्हाच्या रोजीचीही हमी हवी.

आणि एक विनंती. काम मागितल्याची तारीखवार पोच हाती नसली की भत्ता कागदावरच राहतो, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. आपण लिहिती-वाचती मंडळी आहात. तांड्यावरची एखादी बाई अर्ज घेऊन कचेरीत निघाली, तर तिच्याबरोबर जा आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका.