मिठागराच्या बांधावरचे जॉगिंग : एका संथ औषधाचा इतिहास

अमेरिकेत मुलांकडे सहा महिन्यांसाठी निघालेले आईबाबा गोळ्यांची चिठ्ठी लिहून घ्यायला दवाखान्यात येतात. उठता उठता एक प्रश्न हमखास येतो : "डॉक्टर, मुलाच्या घराजवळ खाडीकाठी छान सपाट ट्रेल आहे. तिथे थोडे पळले तर चालेल ना?"

उत्तर "हो" असेच आहे. पण त्या "हो"मागे एक इतिहास आहे. तो माहीत असला, तर तुम्ही तिथे जास्त सुरक्षितपणे पळाल.

आधी ती जागा पाहू. सॅन होजे, सनीव्हेल, फ्रीमाँट या भागात आपली मराठी माणसे बरीच आहेत. तिथून जवळच, सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या दक्षिण टोकाला अल्विसो नावाचे छोटे गाव आहे. गावाबाहेर डॉन एडवर्ड्‌स राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्याच्या पाणथळीला वळसा घालून जाणारी सुमारे ९ मैलांची, म्हणजे साडेचौदा किलोमीटरची गोल वाट आहे. चढ नाही, उतार नाही. दोन्ही बाजूंना पाणी आणि पाणपक्षी.

ही वाट इतकी सपाट का? कारण ती मिठागराचा बांध आहे. भांडुप-मुलुंडची मिठागरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना तिथले दृश्य ओळखीचे वाटेल. या उपसागरात ओलोनी आदिवासी पूर्वापार मीठ गोळा करत. १८५० च्या दशकात तिथे व्यापारी मिठागरे सुरू झाली. भरतीचे पाणी अडवायला खाडीतलाच चिखल उपसून मैलोन्‌मैल बांध घातले गेले. मिठागरे, शेती आणि वस्तीसाठी घातलेल्या भरावांमुळे उपसागराकाठची बहुतेक खाऱ्या पाण्याची दलदल नाहीशी झाली. मग नागरिकांनी आवाज उठवला, खासदार डॉन एडवर्ड्‌स यांनी पाठपुरावा केला आणि १९७२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने अभयारण्याला मंजुरी दिली. २००३ मध्ये आणखी हजारो एकर मिठागरे सार्वजनिक मालकीची झाली. दलदल पुन्हा जिवंत करण्याचे काम अजून चालू आहे. तिथे धावणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून ती वाट कोणी बांधलेली नाही. हे लक्षात ठेवा, शेवटी उपयोगी पडेल.

आता पळणाऱ्यांकडे वळू. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला चार ते सहा आठवडे बिछान्यात पडून ठेवत. हृदय "थकू नये" म्हणून! १९५२ मध्ये अमेरिकेतील लिव्हाइन आणि लाऊन या डॉक्टरांनी अशा रुग्णांना लवकर खुर्चीत बसवायला सांगितले, तेव्हा तेही धाडस वाटले होते. १९५३ मध्ये लंडनचे डॉ. जेरेमी मॉरिस यांनी एक साधी तुलना प्रसिद्ध केली. डबलडेकर बसचा ड्रायव्हर दिवसभर बसून असतो, कंडक्टर जिने चढतो-उतरतो. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी आढळला.

पुढचे पाऊल न्यूझीलंडमध्ये पडले. आर्थर लिडियर्ड यांचे शिष्य १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदके जिंकून आले होते. स्पर्धकांसाठी वापरलेली संथ, लांब पळण्याची पद्धत लिडियर्ड यांनी ऑकलंडमधल्या मध्यमवयीन, वजन वाढलेल्या माणसांना शिकवली. त्यांत हृदयविकार होऊन गेलेलेही होते. १९६२ मध्ये तिथे जॉगिंग क्लब सुरू झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतले नामवंत प्रशिक्षक बिल बॉवरमन पाहुणे म्हणून आले आणि क्लबसोबत पळायला गेले. पन्नाशी ओलांडलेल्या बॉवरमन यांची दमछाक झाली. त्यांना सोबत म्हणून मागे थांबलेले गृहस्थ सत्तरीपुढचे होते आणि त्यांना हृदयविकाराचे झटके येऊन गेले होते. ते गप्पा मारत पळत होते!

बॉवरमन ही कल्पना घेऊन ओरेगॉनला परतले. तिथे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. वाल्डो हॅरिस यांच्यासोबत सामान्य नागरिकांवर ती काळजीपूर्वक आजमावली आणि १९६७ मध्ये दोघांनी 'जॉगिंग' हे पुस्तक लिहिले. त्याचे सार असे की पळताना शेजाऱ्याशी बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल, तर वेग जास्त आहे.

पुढे अमेरिकेत पळण्याची लाट आली आणि लाटेसोबत एक गैरसमजही आला : जो पळतो त्याला हृदयविकार होत नाही. १९७७ मध्ये जिम फिक्स यांचे पळण्यावरचे पुस्तक प्रचंड खपले. २० जुलै १९८४ रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी, पळण्याच्या वेळीच त्यांचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात हृदयाच्या रक्तवाहिन्यांत मोठे अडथळे सापडले. त्यांच्या वडिलांचा हृदयविकाराने ४३ व्या वर्षी मृत्यू झाला होता आणि स्वतः फिक्स पूर्वी भरपूर सिगारेट ओढत. लोक म्हणाले, "पळण्याने मेला." खरे तर आजार आधीपासून होता. पळण्याने तो लांबला असेलही, पण पुसला गेला नाही.

आपल्यासाठी हे महत्त्वाचे आहे, कारण भारतीय वंशाच्या लोकांना हृदयविकार तुलनेने कमी वयात गाठतो. म्हणून त्या बांधावर जाण्याआधी एवढे करा :

१. वय चाळिशीपुढे असेल आणि मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान किंवा घरात कमी वयात हृदयविकार यांपैकी काही असेल, तर पळणे सुरू करण्याआधी तपासणी करून घ्या.

२. पहिल्या दिवशी पूर्ण फेरी मारू नका. गोल वाटेच्या मध्यावर पोहोचलात की परतीचे अंतर दोन्हीकडून सारखेच, सात किलोमीटरच्या वर. बांधावर सावली नाही, पाणी नाही. पंधरा मिनिटे जा आणि त्याच वाटेने परत या. पाणी सोबत ठेवा.

३. वेग बोलण्यावरून ठरवा. मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल, तर नाडीची गती कमीच दिसते. मनगटावरच्या घड्याळाच्या आकड्यावर विसंबू नका.

४. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असाल, तर खिशात साखर ठेवा.

५. छातीवर दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, नेहमीपेक्षा जास्त धाप, चक्कर, यांपैकी काहीही झाले तर तिथेच थांबा. "एवढी फेरी पुरी करतो" म्हणू नका. तिकडे ९११, इकडे १०८.

तो बांध मिठासाठी घातला होता, तुमच्या हृदयासाठी नाही. तिथे मध्येच बाहेर पडायची वाट नाही. त्यामुळे कुठून मागे फिरायचे, हे निघण्याआधी तुम्हीच ठरवायचे आहे. आणि हो, सुरुवातीला सुनेला किंवा मुलाला सोबत न्या. गप्पा मारता आल्या, तर वेग बरोबर आहे.